उपवास की पथ्य?

लेंटचा काळ जवळ आला की आपल्या मंडळ्यांतून एक वाक्य हल्ली हमखास कानी पडते. "यंदा चाळीस दिवस एकच वेळ जेवीन म्हणते. देवाचंही होईल आणि वजनही उतरेल." बोलणारी भगिनी हसतच बोलते, ऐकणाऱ्याही हसतात, आणि त्यांतली एखादी हळूच विचारते, "किती उतरतं गं?" या बोलण्यात दांभिकपणा आहे असे आम्हांला वाटत नाही. डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगितलेले असते, जिना चढताना गुडघे कुरकुरू लागलेले असतात, आणि रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी उपवासावर संदेश दिलेला असतो. दोन्ही कामे एकाच उपवासात होत असतील तर कोणाला नको आहेत? बंधुवर्गही यात मागे नाही. ते सोळा तास उपाशी राहून उरलेल्या आठ तासांत जेवण्याच्या गोष्टी करतात.

परंतु या साध्या वाक्यात तीन प्रश्न एकमेकांत गुरफटले आहेत. उपवासाने वजन खरोखर उतरते काय आणि प्रकृती सुधारते काय, हा शरीराचा प्रश्न. वजनासाठी केलेल्या उपवासाला उपवास म्हणावे काय, हा विवेकाचा प्रश्न. आणि तिसरा, जो आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो मंडळीचा व रविवारच्या शाळेच्या शिक्षकांचा आहे: लोकांना उपवासाकडे वळवताना आपण आरोग्याचे आमिष दाखवावे काय?

प्रथम शरीराचा प्रश्न घेऊ, कारण तो त्यातल्या त्यात सोपा आहे, आणि गैरसमजही त्याविषयीच अधिक आहेत.

आपण जेवतो तेव्हा अन्नातली साखर रक्तात उतरते. लगेच न लागणारी साखर यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेन या रूपाने साठवून ठेवली जाते. यकृतातली ही शिल्लक सुमारे १०० ग्रॅम असते, म्हणजे साधारण एका दिवसाची बेगमी. दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही शरीरात धरलेले असते. माणूस उपाशी राहिला की आधी ही शिल्लक संपते आणि तिच्याबरोबरचे पाणी निघून जाते. म्हणून तीन दिवसांत काटा दोन किलो खाली आला असे जे सांगितले जाते ते खोटे नसते, पण त्यात बराचसा भाग पाण्याचा असतो. चौथ्या दिवशी पोटभर जेवले की ते पाणी परत येते, आणि मग "माझ्या अंगाला काही लागूच पडत नाही" अशी तक्रार सुरू होते. शिल्लक संपल्यावर शरीर चरबी जाळू लागते हे खरे, पण त्याबरोबर थोडे स्नायूही झिजतात.

आता हिशेब करून पाहू. किलोभर चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. बैठे काम करणाऱ्या मध्यम बांध्याच्या स्त्रीला दिवसाला १,८०० ते २,००० कॅलरी लागतात. तिने पाण्याखेरीज काहीही न घेता एक पूर्ण दिवस काढला, तर जास्तीत जास्त पाव किलो चरबी जाईल. तेवढी जाण्यासाठीदेखील दुसऱ्या दिवशी तिने कालची कसर भरून काढता कामा नये. आणि कसर भरून काढणे हा तर आपला सर्वांचा स्वभाव! आपल्या शेजारपाजारची मंडळी स्वतःलाच हसून 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणतात ते काही उगीच नाही. ताटलीभर खिचडीत ७५ ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम शेंगदाणे व चमचाभर तूप पडले, तर साडेपाचशेच्या आसपास कॅलरी झाल्या. दोन पोळ्या, वाटीभर वरण आणि भाजी यांपेक्षा हे जेवण हलके नाही. पण आपणही फार हसू नये. लेंटभर मटण वर्ज्य करून भज्यांवर आणि बटाटेवड्यांवर निभावणारी घरे आपल्यातही आहेत.

हे झाले घरगुती गणित. शास्त्रज्ञांनी माणसांचे गट पाडून केलेले प्रयोगही हेच सांगतात. २०१७ साली शिकागोच्या संशोधकांनी १०० लठ्ठ माणसांवर वर्षभर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाने एक दिवस आड जवळजवळ उपाशी राहायचे, दुसऱ्याने रोजच थोडे कमी खायचे, तिसऱ्याने नेहमीप्रमाणे जेवायचे. तिसऱ्या गटाशी तुलना करता वर्षाअखेर उपवास करणाऱ्यांचे वजन सुमारे ६ टक्के आणि रोज कमी खाणाऱ्यांचे ५.३ टक्के उतरले. हा फरक गणतीत धरण्यासारखा नव्हता. मात्र उपवासाच्या गटातून शंभरात ३८ माणसे मध्येच सोडून गेली, कमी खाणाऱ्यांतून २९. २०२० साली अमेरिकेतच ११६ माणसांवर झालेल्या बारा आठवड्यांच्या प्रयोगात एका गटाने दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळात जेवायचे होते. त्यांचे वजन किलोभरही उतरले नाही, आणि दिवसातून तीनदा जेवणाऱ्यांशी त्यांचा फरक नावालाच होता. चीनमधील ग्वांगझौ येथे १३९ लठ्ठ माणसांना वर्षभर सारखेच बेताचे अन्न देऊन निम्म्यांना आठ तासांचे बंधन घातले होते. त्याचे निष्कर्ष २०२२ साली आले. बंधन असलेले सरासरी ८ किलोंनी उतरले, नसलेले ६.३ किलोंनी, आणि हा फरकही शास्त्रज्ञांनी निर्णायक मानला नाही. वजन दोन्हीकडे उतरले, कारण दोन्हीकडे खाणे कमी झाले होते.

तेव्हा उपवासाने वजन उतरते काय? उतरते, पण ते कमी खाल्ल्यामुळे. घड्याळ लावून कमी खाणे ज्याला सोपे जाते त्याने खुशाल घड्याळ लावावे. उपवासाच्या पोटी काही गुप्त औषध दडले आहे ही समजूत मात्र टिकत नाही. जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते पेशी आपल्याच आतले निकामी भाग मोडून पुन्हा कसे वापरतात या शोधाबद्दल. त्यांनी हे पाहिले ते प्रामुख्याने यीस्टच्या, म्हणजे पाव फुगवणाऱ्या किण्वाच्या, उपाशी ठेवलेल्या पेशींत. तेथून 'सोळा तास उपाशी राहा, कर्करोग जवळ येणार नाही' येथवर उडी मारणारे पुष्कळ भेटतात. तेवढी उडी ओसुमी यांनी मारलेली नाही.

दुसऱ्या बाजूने, कमी खाण्याचा गुण कमी लेखू नये. स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडमध्ये मधुमेहाच्या २९८ रुग्णांवर एक मोठा प्रयोग झाला. त्यांतील निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साडेआठशेच्या आत-बाहेर कॅलरींचा आहार देऊन पुढे हळूहळू साधे जेवण सुरू केले. वर्षाअखेर त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांची साखर औषधांवाचून ताब्यात आली होती. हे मोठेच यश, पण ते दवाखान्याच्या देखरेखीखाली मिळालेले आहे. ज्यांना इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू आहेत, त्यांनी मनानेच जेवण सोडले तर साखर एकदम घसरून बेशुद्धी येऊ शकते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता, वाढत्या वयाची मुले आणि अशक्त वृद्ध यांनी तर निराहाराच्या वाटेला जाऊच नये. स्कॉटलंडमधील अँगस बार्बिएरी नावाचा तरुण १९६५-६६ साली ३८२ दिवस अन्नावाचून राहिला आणि २०७ किलोंवरून ८२ किलोंवर आला, ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. तो डंडी येथील डॉक्टरांच्या नजरेखाली होता, त्याला जीवनसत्त्वे व क्षार दिले जात होते. त्याच काळात हा उपचार घेणारे काही रुग्ण दगावले आणि डॉक्टरांनी ती पद्धत सोडून दिली, हे मात्र कोणी सांगत नाही.

येथवर शरीर. आता नावाचा प्रश्न.

प्रकृतीसाठी अन्न आवरण्याला आपल्या भाषेत फार चांगला शब्द आहे: पथ्य. पथ्यात कमीपणा काहीच नाही. आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे असे पौलाने करिंथकरांस लिहिले, त्या मंदिराची डागडुजी करणे हे आपले कामच आहे. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर त्याच पौलाने उपवास सांगितला नाही, थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, हेही जाता जाता ध्यानात ठेवावे. वजनासाठी जेवण सोडणारी भगिनी पाप करत नाही. ती पथ्य करते. तिने त्याला पथ्य म्हणावे, आणि मंडळीनेही म्हणावे, एवढेच आमचे मागणे आहे.

याचे कारण पवित्र शास्त्रातील उपवास पाहिले म्हणजे कळते. निनवेच्या लोकांनी उपवास केला तो पश्चात्तापाचा. अंत्युखियाच्या मंडळीने केला तो बर्णबा व शौल यांना सेवेसाठी पाठवताना. दाविदाने केला तो आजारी बाळासाठी. शरीर सडपातळ व्हावे किंवा प्रकृती सुधारावी म्हणून कोणी उपवास केल्याचे उदाहरण आम्हांला सापडत नाही. यावर दानीएलाचे नाव पुढे केले जाते. कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक चर्चने तर २०११ साली दानीएलाच्या नावाने आरोग्याची मोहीमच सुरू केली, आणि २०१३ साली त्यावर पुस्तकही निघाले. त्याच्याही आधी, १९५७ साली, चार्ली शेड या अमेरिकन प्रेस्बिटेरियन पाळकाने प्रार्थनेने वजन घालवण्यावर पुस्तक लिहिले होते. तेव्हा ही कल्पना आजची नव्हे. पण दानीएलाचा पहिला अध्याय शांतपणे वाचावा. त्या चार तरुणांनी राजाचे अन्न नाकारले ते विटाळ होऊ नये म्हणून. आणि दहा दिवस शाकभाजी व पाणी घेऊन ते कसे दिसू लागले? इतरांपेक्षा अधिक धष्टपुष्ट! वजन उतरवू पाहणाऱ्यांना हा अध्याय फारसा सोयीचा नाही.

अधिक गंभीर आधार दिला जातो तो यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायाचा. खऱ्या उपवासाचे वर्णन केल्यावर तेथे आरोग्याचे वचन आहे, म्हणून उपवास आरोग्य देतो, असा युक्तिवाद आम्ही व्यासपीठावरूनही ऐकला आहे. मूळ इब्री शब्दाचा रोख जखम भरून येण्याकडे आहे, आणि हे वचन कशाच्या पाठोपाठ येते ते पाहिले पाहिजे. ते रिकाम्या पोटाच्या पाठोपाठ येत नाही. भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे, बेघराला घरात घेणे, उघड्याला पांघरूण घालणे, जुवाखालच्यांना मोकळे करणे, यांच्या पाठोपाठ येते. त्याच अध्यायात उपवासाच्या दिवशी आपल्या मजुरांना राबवून घेणाऱ्यांची चांगली कानउघाडणी आहे. त्यांचे पोट रिकामे होते, तरी देवाने तो उपवास धरला नाही. जखऱ्याच्या सातव्या अध्यायातही सत्तर वर्षे पाळलेल्या उपवासांविषयी देव हेच विचारतो, की तो कोणासाठी होता.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. माणूस पायी उपासनेला जातो, त्याने त्याच्या हृदयालाही फायदा होतो. म्हणून ते चालणे भक्तीचे राहत नाही काय? राहते. चांगल्या कामातून शरीरालाही चार चांगल्या गोष्टी मिळाल्या तर देवाला त्याचे वैषम्य वाटेल असे मानण्याचे कारण नाही. मनुष्याचा एखादाच हेतू निर्भेळ असतो, आणि निर्भेळ हेतूची वाट पाहत बसलो तर आयुष्यात एकही चांगले काम हातून व्हायचे नाही. तरीपण एक कसोटी लावून पाहता येते. पहिल्या आठवड्यात काटा हलला नाही, तर दुसऱ्या आठवड्यात उपवास चालू राहील काय? आणि उलट, काटा भराभर उतरू लागला आणि प्रार्थनेची वेळ मात्र रोजच हुकत गेली, तर चुकल्यासारखे वाटेल काय? याचे उत्तर ज्याचे त्यालाच ठाऊक असते, दुसऱ्याने ते विचारू नये.

प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात उपवास करणाऱ्याला तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून राहायला सांगितले, म्हणजे तो उपवासी आहे हे लोकांना दिसू नये. वजनाच्या उपवासाची सारी गोडी दिसण्यात आहे. "अगं, किती बारीक झालीस!" हे ऐकण्यासाठीच तर तो असतो. ते ऐकून सुख होणे स्वाभाविक आहे, त्यात वाईट काही नाही. पण त्याचे वेतन तेथे भरून पावले.

उपासमार आपोआप माणसाला देवाजवळ नेते, या समजुतीविषयीही थोडे लिहिले पाहिजे. यासंबंधी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात झालेला एक प्रयोग आपल्या लोकांना माहीत असावयास हवा, कारण त्यातील माणसे बव्हंशी आपल्यासारखीच मंडळ्यांतून आलेली होती. दुसऱ्या महायुद्धात ज्यांनी विवेकाला स्मरून शस्त्र हाती घेण्यास नकार दिला, त्या तरुणांना सरकार दुसरी कामे देत असे. त्यांत ब्रेदरन, क्वेकर आणि मेनोनाइट पंथांचे पुष्कळ होते. युद्ध संपल्यावर युरोपातील उपाशी लोकांना पुन्हा खाऊपिऊ कसे घालावे हे वैद्यकाला नीट ठाऊक नव्हते. ते शिकण्यासाठी डॉ. अँसेल कीज यांना स्वखुशीने उपाशी राहणारे निरोगी तरुण हवे होते. छत्तीस जणांची निवड झाली. विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानाच्या प्रेक्षागाराखालच्या खोल्यांत त्यांची राहण्याची सोय होती. फेब्रुवारी १९४५ पासून चोवीस आठवडे त्यांना पूर्वीच्या निम्मे अन्न मिळाले, तेही पाव, बटाटे, सलगम, कोबी असले. आठवड्याला बावीस मैल चालणे सक्तीचे होते.

त्यांचे वजन सुमारे चौथ्या हिश्शाने उतरले. पण त्यांच्या मनाचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. ही ध्येयवादी माणसे होती, त्यांनी देशाचा रोष पत्करला होता. भूक वाढत गेली तशी ती चिडखोर व उदास झाली. जगाच्या प्रश्नांवर तासन् तास बोलणाऱ्यांना त्या प्रश्नांत रस उरला नाही. ज्यांनी विद्यापीठात अभ्यासक्रम घेतले होते त्यांतील अनेकांनी ते सोडले. त्यांची जागा अन्नाने घेतली. ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले, पदार्थांच्या कृती उतरवून घेऊ लागले, स्वप्नातही जेवू लागले, ताटल्या चाटू लागले. पुढे पोटभर अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांना कितीही खाल्ले तरी भरल्यासारखे वाटेना, आणि अंगावर आधी परतली ती चरबी. छत्तिसांपैकी बत्तीस जणांनी प्रयोग शेवटास नेला. कीज यांनी त्यावर १९५० साली दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

हा उपवास नव्हता, दीर्घ अर्धपोटी होती, हे आम्ही जाणतो. पण त्यातून एवढे दिसते की नुसती भूक माणसाचे लक्ष वर नेत नाही, ती ते ताटाकडे नेते. जे दिवसभर कॅलरी मोजतात आणि घड्याळात आठ कधी वाजतात ते पाहत बसतात, त्यांना हे पटवून द्यायला नको. तरीही त्या छत्तीस जणांची भूक वाया गेली असे कोण म्हणेल? ते स्वतःच्या आत्म्याची उन्नती किंवा कंबरेचा घेर डोळ्यांपुढे ठेवून तेथे गेले नव्हते. समुद्रापलीकडच्या अनोळखी उपाशी माणसांसाठी गेले होते.

आद्य मंडळीत उपवासाचा हाच अर्थ फार ठसठशीत होता. दुसऱ्या शतकातील हर्मासच्या 'मेंढपाळ' या ग्रंथात उपवासाची रीत दिली आहे. त्या दिवशी भाकर आणि पाणी एवढेच घ्यावे, एरवी जे खाल्ले असते त्याच्या खर्चाचा हिशेब करावा, आणि तेवढी रक्कम बाजूला काढून विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी. त्याच शतकात अरिस्तीदेस याने सम्राटाला लिहिलेल्या समर्थनपत्रात ख्रिस्ती लोकांविषयी सांगितले आहे, की त्यांच्यात कोणी गरीब असला आणि देण्याजोगे शिल्लक काही नसले, तर ते दोन-तीन दिवस उपवास करून त्याला अन्न पुरवतात. वाचलेले अन्न कोठे गेले हे त्या उपवासाला विचारता येत होते. आजच्या उपवासाला तोच प्रश्न केला तर बहुधा फ्रीजकडे बोट दाखवावे लागेल.

आपण प्रॉटेस्टंट लोक उपवासाच्या बाबतीत एकूण ढिलेच. त्याला इतिहास आहे. १५२२ सालच्या लेंटमध्ये झुरिच शहरी फ्रोशाउअर नावाच्या मुद्रकाच्या घरी कामकऱ्यांनी सॉसेज खाल्ले आणि मोठा गहजब झाला. झ्विंगली तेथे हजर होता. त्याने स्वतः खाल्ले नाही, पण पुढे प्रवचन करून सांगितले की अन्न खाणे न खाणे यांवर मनुष्याची विवेकबुद्धी बांधून टाकण्याचा अधिकार कोणाला नाही. ते स्वातंत्र्य आपण मिळवले, ते योग्यच झाले. कोणी उपवास करीत नाही म्हणून त्याला कमी लेखू नये. पण बंधन सुटले तसे हर्मासचा हिशेबही सुटला, आणि आता चारशे-पाचशे वर्षांनी उपवास आपल्याकडे परत येतो आहे तो वजनाच्या काट्यावर बसून.

आपल्या लोकांना तर हा हिशेब परका वाटू नये. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने गेली, आणि सोळा वर्षांची मुलगी व तिचा भाऊ उरले. तीच मुलगी पुढे १८९७ साली मध्य प्रांतात आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेत पोहोचली, आणि शेकडो उपाशी मुलींना केडगावच्या मुक्ती सदनात घेऊन आली. मध्य भारतात आणि गुजरातेत कित्येक ख्रिस्ती घराण्यांची कथाच त्या दुष्काळातल्या अनाथाश्रमांपासून सुरू होते. त्या पणजीने जेवण सोडले नव्हते, ते तिला मिळाले नव्हते.

आणि तशी पणजी आजही आपल्या गल्लीत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे या देशात शंभरातील २४ स्त्रिया वाजवीपेक्षा जाड आहेत आणि जवळजवळ १९ वाजवीपेक्षा कृश. एकाच बसमध्ये, एकाच उपासनामंदिरात या दोघी शेजारी बसतात. उपवास करा म्हणजे वजन उतरेल, असे व्यासपीठावरून सांगितले की त्यांपैकी एकीसाठीच संदेश दिला जातो. दुसरी गप्प बसून ऐकते.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी या बाबतीत विशेष जपावे. तेरा-चौदा वर्षांच्या मुली आधीच आरशापुढे कष्टी असतात. त्याच पाहणीत १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींपैकी ५९ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. अशा वर्गापुढे उपवासाचा आणि बारीक होण्याचा संबंध जोडून बोलणे हा मोठाच अविचार होईल. मुलांना जेवण सोडायला सांगूच नये. त्यांना हर्मासचा हिशेब शिकवावा. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत १९१० पासून चालत आलेली रीत सांगावी, की तेथे स्वयंपाकाचे तांदूळ काढताना गृहिणी दर वेळी एक मूठ मंडळीसाठी वेगळी ठेवते. घरचे कोणी उपाशी राहत नाही, आणि मंडळीचे मोठे कार्य त्या मुठींवर चालते. हे मुलांना चटकन कळते.

थोरांना हिशेब हवा असेल तर तोही देतो. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग व डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,८०० क्षयरुग्णांना औषधांबरोबर दरमहा शिधा दिला. त्यात तांदूळ, डाळ, दुधाची भुकटी, तेल असे साधेच जिन्नस होते. दर पाच रुग्णांत चार कुपोषित होते. ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे साठ टक्क्यांनी कमी आढळला. ज्या घरांतील इतर माणसांनाही शिधा मिळाला, तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. एका रुग्णाच्या शिध्याला तेव्हाच्या भावाने महिन्याला हजार रुपयांच्या आसपास लागत. २०२२ पासून 'निक्षय मित्र' या सरकारी योजनेत कोणतीही व्यक्ती वा संस्था आपल्या भागातील रुग्णांचा असा शिधा पत्करू शकते. बेळगाव असो, इंदूर असो की बडोदे, जिल्हा क्षयरोग कार्यालयात चौकशी केली की पुरे.

राखेच्या बुधवारापासून उत्तम शुक्रवारापर्यंत सात शुक्रवार येतात. मंडळीतील शंभर प्रौढ, धडधाकट माणसांनी दर शुक्रवारी एक जेवण सोडले आणि त्याचे पन्नास रुपये धरले, तर पस्तीस हजार रुपये होतात. भाव वाढले आहेत हे लक्षात घेऊनही चार रुग्णांचा सहा महिन्यांचा शिधा त्यातून निघावा.